पैलू कोणाचे, किंमत कोणाची?

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पाणी आणि हिरा ही जोडी हमखास भेटते. अॅडम स्मिथने १७७६ साली विचारलेला प्रश्न असा की, पाण्यावाचून माणूस जगू शकत नाही, तरी त्याला किंमत जवळजवळ नाही. हिऱ्याचा उपयोग म्हणावा तर काहीच नाही, तरी त्याच्या बदल्यात वाटेल तेवढा माल पदरात पडतो, हे कसे? पुढे सीमान्त उपयोगितेच्या पंडितांनी याचे उत्तर दुर्मीळतेत शोधले आणि पाठ्यपुस्तकांपुरता हा प्रश्न मिटला. अनेक वर्षे हे उदाहरण वर्गात शिकविताना एक गोष्ट मात्र मला खटकत आली आहे. या साऱ्या चर्चेत हिरा हा जणू अंगठीत बसण्याच्या तयारीनेच भूगर्भातून वर येतो, असे गृहीत धरलेले असते. वस्तुस्थिती तशी नाही. खाणीतून निघालेला कच्चा हिरा हातात घेतला तर तो तुरटीच्या मळकट खड्यासारखा दिसतो. अनभिज्ञ माणूस तो वाटेवर पडलेला पाहून उचलणारही नाही. त्याच्यातील जे तेज पाहून माणसे भुलतात, ते त्याला पैलू पाडल्यानंतरचे असते. आणि पैलू निसर्ग पाडीत नाही, माणूस पाडतो.

तेव्हा प्रश्न एक नसून दोन आहेत. हिऱ्याला सौंदर्य कोठून येते, हा पहिला. त्याची किंमत कोठून येते, हा दुसरा. या दोन प्रश्नांची उत्तरे निराळी आहेत, आणि ती निराळी असल्यामुळेच हिरा घासणाऱ्या कामगाराच्या वाट्याला काय येते हे ठरते, असे माझे म्हणणे आहे. चळवळीतील कार्यकर्त्यांनी या धंद्याकडे श्रीमंतांची चैन म्हणून पाठ फिरवू नये, म्हणून हा लेख.

तेजाचे शास्त्र

प्रथम सौंदर्याचा विचार करू. हिऱ्याचा वक्रीभवनांक सुमारे २.४२ आहे, काचेचा साधारण १.५ असतो. याचा परिणाम असा की, हिऱ्यात शिरलेला प्रकाश आतील एखाद्या पृष्ठभागावर लंबरेषेपासून सुमारे साडेचोवीस अंशांपेक्षा अधिक कोन करून आदळला, तर तो बाहेर निसटत नाही. तो संपूर्णपणे आत परावर्तित होतो. म्हणजे खालच्या पैलूंचे कोन नेमके साधले, तर वरून आलेला प्रकाश तळाशी दोनदा उलटून पुन्हा वरच, पाहणाऱ्याच्या डोळ्याकडे येतो. शिवाय हिरा पांढऱ्या प्रकाशाचे रंग अधिक फाकवतो, आणि त्यामुळे हालचालीबरोबर लाल-निळ्या ठिणग्या उडाल्याचा भास होतो. हे सारे हिऱ्याचे अंगभूत गुण खरे. पण कोन चुकले की ते असून नसल्यासारखे होतात. तळ फार उथळ राहिला तर प्रकाश खालून गळून जातो, आणि खडा मधोमध पाणचट दिसतो. तळ फार खोल राहिला तर प्रकाश बाजूंनी निसटतो, आणि मधला भाग खिळ्याच्या डोक्यासारखा काळा पडतो. दगड तोच, रंग तोच, शुद्धता तीच. एक हिरा जिवंत दिसतो आणि दुसरा मेलेला. हा फरक एक-दोन अंशांचा असतो.

आज सर्वत्र रूढ असलेल्या गोल, 'ब्रिलियंट' घाटाच्या हिऱ्याला ५७ पैलू असतात. तळाचे टोक सपाट केले तर ५८. त्यांतील ३३ कमरेच्या वर आणि २४ खाली. १९१९ साली मार्सेल टोलकोव्स्की या तरुण अभियंत्याने या घाटाचे गणित लंडनमध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. तो अँटवर्पच्या एका हिरेघडव्या घराण्यातला होता. तळाचे मुख्य पैलू पावणेएकेचाळीस अंशांवर, वरचे साडेचौतीस अंशांवर, आणि माथ्यावरचा सपाट पैलू एकूण व्यासाच्या ५३ टक्के, असे त्याचे उत्तर आले. परंतु या गणिताची सांगता त्याने जशी केली, ती आपण अधिक लक्षात ठेवली पाहिजे. उत्तम कारागिरांनी घडविलेले हिरे त्याने मोजून पाहिले, आणि ते त्याच्या समीकरणांच्या अगदी जवळ निघाले. ज्या कोनांपर्यंत गणित १९१९ साली पोचले, त्या कोनांपर्यंत कारागिरांचे डोळे आणि बोटे आधीच पोचलेली होती. श्रमातून ज्ञान जन्मते हे आपण एरवी व्याख्यानांत सांगतो. येथे त्याचा मोजून घेता येण्याजोगा पुरावा आहे.

हे काम किती कठीण आहे, याची कल्पना बाहेरच्या माणसाला येणे अवघड. हिऱ्याहून कठीण पदार्थ निसर्गात नाही, म्हणून हिऱ्याला हिऱ्याच्याच भुकटीने घासावे लागते. तेलात कालवलेली ही भुकटी लावलेली लोखंडी चकती मिनिटाला काही हजार फेरे फिरत असते, आणि तिच्यावर कामगार खडा टेकवतो. त्यातही हिऱ्याचा काठिण्यगुण सर्व दिशांनी सारखा नसतो. एका दिशेने तो घासला जातो, तर दुसऱ्या दिशेने चकतीलाच चरे पडतात. प्रत्येक पैलूसाठी ही दिशा नव्याने शोधावी लागते. दर काही क्षणांनी खडा उचलून भिंगाखाली पाहायचा, पुन्हा टेकवायचा, पुन्हा पाहायचा. एक कण अधिक घासला गेला तर तो परत जोडता येत नाही. शेजारचे पैलू एका बिंदूत मिळाले पाहिजेत, समोरासमोरचे सारखे उतरले पाहिजेत. आणि हे सारे बहुधा मोहरीच्या दाण्याएवढ्या वस्तूवर!

वजन आणि प्रकाश यांचे भांडण

आता किमतीकडे वळू. सौंदर्य जर पैलूंतून येते, तर किंमतही पैलूकामावर ठरावी, असे कोणीही सरळ मनाचा माणूस म्हणेल. बाजार मात्र पहिला प्रश्न विचारतो तो वजनाचा. एक कॅरट म्हणजे ग्रॅमचा पाचवा भाग. हिऱ्याचा दर प्रति कॅरट सांगितला जातो, आणि वजन वाढत जाईल तसा प्रति कॅरट दरही चढत जातो. १९७८ पासून प्रसिद्ध होत असलेल्या आणि व्यापारात प्रमाण मानल्या जाणाऱ्या रॅपापोर्ट दरपत्रकाची रचनाच अशी आहे की, त्यात वजनाचे गट, रंगाची प्रत आणि शुद्धतेची प्रत यांची कोष्टके असतात. पैलूकामाला त्या कोष्टकात स्वतंत्र रकाना नाही. काम चांगले असेल असे धरून चालायचे, आणि कमीअधिकपणा सौद्यात वाढीव वा घटीव टक्क्यांनी भरून काढायचा.

अडचण अशी की, प्रकाश आणि वजन ही एकमेकांच्या मुळावर उठलेली आहेत. अष्टकोनी कच्च्या हिऱ्यातून नीट कोनांचा गोल हिरा घडवायचा तर निम्म्याहून अधिक वजनाची भुकटी होते. हे भांडण आजचे नाही. सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या खाणी आणि मोगल दरबार पाहून गेलेल्या तावर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने लिहून ठेवले आहे की, हिंदुस्थानातील कारागीर स्वच्छ खड्याचे वजन शक्यतो ढळू देत नाहीत. एखादा दोष लपवायचा असेल तेथेच बारीक पैलू काढतात. त्यानेच होर्तेन्सिओ बोर्जिया या व्हेनिसच्या कारागिराची हकीकत दिली आहे. बादशाही खजिन्यातील एक प्रचंड हिरा त्याने घासला, आणि वजन फार घटले म्हणून मोगल दरबाराने त्याला मजुरी तर दिली नाहीच, उलट दहा हजार रुपये दंड केला. वजन घटल्याबद्दल कारागिराला दंड करण्याची परंपरा इतकी जुनी आहे.

याच्या उलट उदाहरण कोहिनूरचे. लाहोर दरबाराकडून १८४९ साली इंग्रजांनी तो नेला आणि १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात मांडला. पाहायला गर्दी लोटली आणि निराश होऊन परतली. कारण आपल्याकडील जुन्या घाटाचा तो हिरा युरोपीय डोळ्याला निस्तेज वाटला. १८५२ साली अॅम्स्टरडॅमहून कारागीर आणवून तो पुन्हा घासण्यात आला. जुन्या मापाने १८६ कॅरटांचा दगड १०५.६ कॅरटांवर आला. वजनाचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग एका तऱ्हेच्या तेजासाठी खर्ची पडला. लुटीच्या मालाबाबत ही उधळपट्टी परवडते. ज्या व्यापाऱ्याला कच्चा माल रोख मोजून घ्यावा लागतो, त्याचा हिशेब वेगळा असतो.

तो हिशेब एका काल्पनिक उदाहरणाने मांडतो. आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. समजा, पाऊण कॅरटाच्या पुढे पण एक कॅरटाच्या आत असलेल्या एका प्रतीच्या हिऱ्याचा दर प्रति कॅरट तीन लाख रुपये आहे, आणि एक कॅरट भरला की तोच दर चार लाख होतो. अशा उड्या बाजारात प्रत्यक्षात असतात. आता एका कच्च्या खड्यातून उत्तम कोनांचा ०.९५ कॅरटाचा हिरा निघतो. उत्तम कामाबद्दल दहा टक्के अधिक धरले तरी त्याचे ३,१३,५०० रुपये येतात. त्याच खड्याचा तळ थोडा खोल ठेवला, कंबर जाड ठेवली, तर वजन बरोबर एक कॅरट भरते. वाईट कामाबद्दल पंधरा टक्के कापले तरी ३,४०,००० रुपये हाती येतात. म्हणजे कमी तेजाचा हिरा अधिक किमतीला गेला. गिऱ्हाईकाला एक कॅरट घेतल्याचे समाधान मिळाले. पण वरून पाहता तो हिरा नीट घडवलेल्या एक कॅरटाच्या हिऱ्याहून लहानच दिसणार, कारण जास्तीचे वजन डोळ्याला न दिसणाऱ्या तळात आणि कमरेत दडलेले आहे. नीट घडवलेल्या एक कॅरटाच्या गोल हिऱ्याचा व्यास सुमारे साडेसहा मिलिमीटर असतो. तळात वजन दडवले की तो घटतो.

पैलूकामाला बाजारात काहीच मोल नाही, असे माझे म्हणणे नाही. जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका ही संस्था १९३१ साली स्थापन झाली. वजन, रंग, शुद्धता आणि पैलूकाम या चार कसोट्या तिच्यामुळे जगभर रूढ झाल्या. त्यांतील पहिल्या तिघींच्या प्रती ती अनेक दशके देत होती. गोल हिऱ्याच्या पैलूकामाला उत्कृष्टपासून निकृष्टपर्यंत पाच प्रती देण्यास तिने सुरुवात केली ती मात्र २००६ साली. त्यानंतर मोठ्या दगडांच्या बाबतीत 'उत्कृष्ट' शेऱ्याला बाजारात निश्चित किंमत आली आणि घडणावळही सुधारली, हे मान्य केले पाहिजे. पण चार कसोट्यांपैकी जी एकटी संपूर्णपणे मानवी श्रमाची, ती प्रमाणपत्रात सर्वांत शेवटी शिरली, हा निव्वळ योगायोग आहे काय? आज तर कच्चा खडा यंत्राने तपासला जातो, आणि त्यातून कोणते हिरे काढावेत याचे पर्याय संगणक सुचवतो. हे पर्याय तो दरपत्रक पोटात घेऊन सुचवतो. सर्वांत सुंदर हिरा कोणता निघेल, असे त्याला विचारलेले नसते. सर्वाधिक रक्कम कशात आहे, एवढेच विचारलेले असते.

घंटीभोवतीची माणसे

जगात तयार होणाऱ्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ आज भारतात घासले जातात, आणि त्यांतील बहुतेक सुरतेत. गेल्या साठेक वर्षांत सौराष्ट्रातील भावनगर, अमरेली या दुष्काळी, कोरडवाहू जिल्ह्यांतून आलेल्या तरुणांनी हा धंदा उभा केला. चौघांनी एका फिरत्या चकतीभोवती बसायचे, तिला तेथे 'घंटी' म्हणतात. कोणी फक्त मथाळा करतो, कोणी फक्त तळिया. कामगाराला पूर्वी 'हीराघसू' म्हणत. आता 'रत्नकलाकार' म्हणतात. नाव वाढले, तसे हक्क वाढले असते तर तक्रार नव्हती. या लाखो माणसांपैकी बहुसंख्यांना मजुरी मिळते ती नगाप्रमाणे. खडा फुटला वा वजन ठरल्यापेक्षा घटले, तर त्याचा जाब अनेक ठिकाणी कामगारालाच द्यावा लागतो. म्हणजे वजन की तेज हा निर्णय मालकाचा आणि त्याच्या संगणकाचा; तो निर्णय अंशाच्या दशांशापर्यंत पाळण्याची जबाबदारी कामगाराची; आणि त्यात चूक झाली तर भुर्दंडही त्याचाच. बोर्जियाच्या दंडाची ही चालू आवृत्ती होय.

सुरतेचे जगाला खरे देणे कोणते, हेही नीट समजून घेतले पाहिजे. अँटवर्प किंवा न्यू यॉर्क येथील मजुरीच्या दरांत बारीक, पिवळसर, तपकिरी कच्चा माल घासणे परवडत नसे. तो माल कारखान्यांत कापण्या-घासण्याच्या हत्यारांत जाई. हाच माल सुरतेने घेतला आणि त्याला ५७ पैलू पाडले. ऑस्ट्रेलियातील आर्गाइलची खाण १९८० च्या दशकात सुरू झाली, आणि २०२० साली बंद पडली. तिच्यातून निघालेल्या तपकिरी, बारीक हिऱ्यांच्या राशींना दागिन्यात स्थान मिळाले ते मुख्यतः भारतीय हातांमुळे. जे रत्न म्हणून गणले जात नव्हते, ते ज्यांच्या श्रमाने रत्न झाले, त्यांचा श्रम हाच त्या मालाच्या किमतीचा मोठा पाया होय. पण त्या श्रमाचा स्वस्तपणा ही या चमत्काराची पूर्वअट होती, हेही तितकेच खरे. अशा बारीक हिऱ्यांना एकेकटे प्रमाणपत्र सहसा मिळत नाही. तेथे कारागिराच्या कौशल्याला कागदावरची प्रतही लाभत नाही.

मग किमतीचा उरलेला भाग कोठे गेला? सेसिल ऱ्होड्सने १८८८ साली स्थापन केलेल्या डी बीअर्स कंपनीने विसाव्या शतकाचा बराच काळ जगातील कच्च्या हिऱ्यांच्या विक्रीचा फार मोठा भाग एका हाती ठेवला. मागणी मंदावली की साठा करायचा, वाढली की मोजून सोडायचा. हिरा चिरंतन असतो अशा आशयाची तिची प्रसिद्ध जाहिरात १९४७ ची. विवाहाला हिरा आणि हिऱ्याला विवाह जोडून तिने मागणी घडवली, आणि एकदा घेतलेला हिरा विकायचा नाही अशी भावना रुजवून जुना माल बाजारात येऊ दिला नाही. पाठ्यपुस्तके जिला दुर्मीळता म्हणतात, ती अशा रीतीने निम्मी निसर्गाची आणि निम्मी तिजोरीची होती. या शतकात ती मक्तेदारी ढासळली, ही गोष्ट वेगळी.

कोळशाची वीट

'कॅपिटल'च्या पहिल्याच प्रकरणात मार्क्सने हिऱ्याचे उदाहरण घेतले आहे. हिरे शोधण्यास सरासरीने फार श्रमकाळ खर्ची पडतो म्हणून त्यांचे मूल्य मोठे. अल्प श्रमात कोळशाचा हिरा करता आला तर त्याचे मूल्य विटेखालीही उतरेल, असा त्याचा आशय. १८६७ साली हा विनोद वाटला असेल. १९५४ च्या अखेरीस अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत प्रचंड दाब आणि उष्णता देऊन कृत्रिम हिरा तयार झाला. आणि आता मिथेनसारख्या वायूतून कार्बनचे थर साचवून दागिन्याच्या प्रतीचे हिरे थोड्या आठवड्यांत तयार होतात. सुरत हे या उत्पादनाचेही मोठे केंद्र झाले आहे. रासायनिक दृष्ट्या आणि प्रकाशाच्या दृष्टीने हा हिराच आहे; साध्या भिंगाने तो ओळखता येत नाही. त्याची किंमत मात्र गेल्या काही वर्षांत कोसळत जाऊन नैसर्गिक हिऱ्याच्या एका लहानशा अंशावर आली आहे.

अर्थशास्त्राला सहसा न लाभणारा प्रयोग येथे आयताच हाती आला आहे. दोन्हींत कार्बन तोच, वक्रीभवनांक तोच, पैलू ५७ च, घासणारे हात सुरतेचेच, आणि डोळ्यांना दिसणारे तेजही तेच. किमतीत मात्र जमीनअस्मानाचे अंतर. तेव्हा गिऱ्हाईक इतकी वर्षे जी रक्कम मोजत होता, ती तेजाबद्दल नव्हती, आणि तेज निर्माण करणाऱ्या श्रमाबद्दल तर नव्हतीच, हे उघड झाले. ती मुख्यतः खाणीतून काढण्याचा खर्च, खाणीवरचा ताबा आणि जाहिरातीने पोसलेली प्रतिष्ठा यांबद्दल होती. मार्क्सचे म्हणणे आणि मक्तेदारीचा सिद्धान्त ही दोन्ही येथे एकमेकांस पूरक ठरतात.

पण या उघडकीची शिक्षा कोणाला झाली? चीनमधील मंदावलेली मागणी, रशियन हिऱ्यांवरील पाश्चात्त्य निर्बंध आणि कृत्रिम हिऱ्यांची स्पर्धा यांमुळे २०२३-२४ पासून सुरतेत काम घटले. सुट्ट्या लांबल्या, मजुरी कापली गेली, माणसे घरी बसली. कामगारांच्या आत्महत्या इतक्या वाढल्या की, गुजरातमधील हिरे कामगारांच्या संघटनेला जुलै २०२४ मध्ये त्यांच्यासाठी मदतीचा दूरध्वनी सुरू करावा लागला. मार्च २०२५ मध्ये सुरतेच्या कामगारांनी मजुरीवाढीसाठी संप पुकारला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयात शुल्क पन्नास टक्क्यांवर नेले, तो घाव निराळाच. २००८ च्या जागतिक मंदीत हेच सारे घडले होते. दरम्यान, डिसेंबर २०२३ मध्ये त्याच शहरात हिरेबाजाराच्या भव्य संकुलाचे उद्घाटन झाले. इमारतीला पैसा होता. बेकारीच्या काळातील मजुरीसाठी मात्र निधी नव्हता.

अॅम्स्टरडॅमचा धडा

असे व्हायलाच हवे होते काय? नाही. कोहिनूर घासायला ज्या शहरातून कारागीर गेले, त्या अॅम्स्टरडॅममधील हिरे कामगारांनी १८९४ साली हेन्री पोलाकच्या नेतृत्वाखाली आपली संघटना बांधली. हा पोलाक त्याच वर्षी स्थापन झालेल्या डच समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. बहुसंख्य सभासद ज्यू, काही ख्रिस्ती, कामाच्या शाखा वेगवेगळ्या, मजुरीत फरक. तरी सर्वांची एकच संघटना झाली. तिने स्वतःची वास्तू उभारली, ग्रंथालय चालविले, उमेदवारांच्या भरतीवर नियंत्रण मिळविले आणि १९११ साली आठ तासांचा दिवस पदरात पाडून घेतला. तो दागिनाही चैनीचाच होता, गिऱ्हाईकही श्रीमंतच होते, आणि मंदीही वरचेवर येत होती. फरक एवढाच होता की, आपल्या बोटांतील कौशल्याला दुसरा पर्याय नाही हे त्या कामगारांनी ओळखले आणि ते कौशल्य एकेकट्याने न विकता एकत्र विकले. पुढे नाझींनी तेथील ज्यू कामगारांचा संहार केला, आणि ती परंपरा तुटली. धंदाही जेथे मजुरी स्वस्त तेथे सरकत गेला. म्हणून या लढ्याला देशाच्या सीमा ओलांडाव्या लागतील, हाही त्या इतिहासाचाच धडा आहे.

आपल्यापैकी काही सहकारी म्हणतील की, समाजवादी समाजात हिऱ्यांची गरजच काय? असेल वा नसेल. पण आजचा कामगार आज पोट भरतो आहे. रेशीम विणणाऱ्याच्या मजुरीचा प्रश्न आपण कधी साडी नेसणारीच्या उत्पन्नावरून ठरवला नाही. शिवाय हा प्रश्न केवळ गुजरातचा नाही. कच्चा माल येतो आणि तयार माल जातो तो मोठ्या प्रमाणावर मुंबईतून. पूर्वी ऑपेरा हाउसच्या पेढ्यांतून आणि २०१० पासून वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्समधून हा व्यापार चालत आला आहे. महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना येथे हात घालण्यास जागा आहे.

मागण्या साध्या आहेत. नगाच्या मजुरीचे दर आकारमान आणि पैलूकामाची प्रत यांनुसार लेखी ठरावेत आणि घंटीसमोर लावले जावेत. उत्कृष्ट कामाबद्दल बाजार जो अधिक भाव देतो, त्यातील ठरावीक हिस्सा मजुरीत यावा. घटलेल्या वजनाची कपात बंद व्हावी. कारण कच्चा माल निवडण्यातला धोका हा भांडवलाचा धोका आहे. नेमणुकीचे पत्र, भविष्य निर्वाह निधी आणि विमा हे कारखान्याच्या आकारावर अवलंबून असू नयेत. १९४८ चा कारखाने कायदा असो की त्याच्या जागी आलेली नवी श्रमसंहिता असो, लहान तुकडे करून त्यांतून निसटण्याची वाट मालकाला नेहमीच सापडते. यावर उपाय आपल्याच राज्यात आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांसाठी मंडळे स्थापन केली, मालकांकडून मजुरीवर अधिभार घेतला, आणि ज्याचा मालक रोज बदलतो अशा कामगारालाही भविष्य निर्वाह निधी व रजा मिळवून दिली. त्याच धर्तीवर हिरे कामगारांचे मंडळ व्हावे, आणि निर्यातीच्या प्रत्येक कॅरटावर अल्पसा अधिभार घेऊन बेकारीच्या महिन्यांसाठी निधी उभा राहावा.

आणखी एक मागणी तत्त्वाची आहे. २००३ पासून किंबर्ले प्रमाणपत्राने एवढे मान्य केले की, हिरा कोठून आला आणि त्यावर कोणाचे रक्त आहे, हे विचारण्याचा जगाला अधिकार आहे. पण तो प्रश्न खाणीपाशीच थांबतो. प्रयोगशाळेच्या अहवालात आज हिऱ्याचा प्रत्येक कोन नोंदवलेला असतो. हा कोन ज्याने साधला, त्याला कायदेशीर मजुरी आणि विमा मिळाला की नाही, याची एक ओळ त्या कागदावर येण्यास कोणतीही तांत्रिक अडचण नाही. अडचण आहे ती ही मागणी संघटितपणे मांडली गेलेली नाही, ही. सुरतेच्या संघटनेशी मुंबईच्या कामगार चळवळीने संबंध जोडावा, दोन्ही शहरांत मिळून मजुरीच्या दरांची पाहणी करावी आणि माथाडी मंडळाच्या धर्तीवरील कायद्याचा मसुदा दोन्ही राज्यांपुढे ठेवावा. येत्या वर्षात आपल्या कार्यकर्त्यांनी एवढे काम अंगावर घेतले, तरी आरंभ झाला असे म्हणता येईल.